आयल्ट्सचं स्पीकिंग आणि रायटिंग: परीक्षक नेमकं तपासतो काय?

आयल्ट्स म्हणजे परदेशात शिक्षण, नोकरी किंवा स्थलांतरासाठी दिली जाणारी इंग्रजीची परीक्षा. ती देणाऱ्यांच्या निकालात एक ठरावीक चित्र वारंवार दिसतं. लिसनिंग ८, रीडिंग ७.५, स्पीकिंग ६.५ आणि रायटिंग ६. मग पुन्हा फी भरायची, पुन्हा बसायचं आणि रायटिंग परत ६. लिसनिंग-रीडिंगमध्ये उत्तर बरोबर असतं किंवा चूक असतं, त्यामुळे सराव केला की गुण वाढलेले दिसतात. स्पीकिंग आणि रायटिंग मात्र परीक्षकाच्या मर्जीवर किंवा नशिबावर आहे, असा समज पसरलेला आहे.

खरं तर परीक्षकाला मर्जी चालवायला फारसा वाव नसतो. त्याला एका तक्त्याप्रमाणे गुण द्यावे लागतात. कोणत्या बँडला, म्हणजे ९ पैकी कोणत्या गुणाला, काय अपेक्षित आहे, हे त्या तक्त्यात वाक्यावाक्याने लिहिलेलं असतं. त्याला बँड डिस्क्रिप्टर्स म्हणतात आणि परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावर तो कुणालाही फुकट वाचता येतो. महिनोन्‌महिने तयारी करणारे लोकही तो उघडून बघत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: ६ किंवा ६.५ वर अडकलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं इंग्रजी कामापुरतं चांगलं असतं. ते नवनवे प्रश्न सोडवत राहतात, नमुना उत्तरं जमवत राहतात, पण स्वतःचं एक उत्तर घेऊन ते या तक्त्यासमोर ठेवून दुरुस्त करणं राहून जातं. शंभर निबंध एकदा लिहिण्यापेक्षा दहा निबंध तीन-तीनदा लिहिलेले बरे. आता हे कसं करायचं, ते आधी स्पीकिंगपासून बघू.

स्पीकिंग: अकरा ते चौदा मिनिटं

ही मुलाखत समोरासमोर होते, काही ठिकाणी व्हिडिओ कॉलवर होते आणि ती ध्वनिमुद्रित केली जाते. तिचे तीन भाग आहेत. पहिल्यात ४-५ मिनिटं तुमच्याबद्दल साधे प्रश्न: काम, शिक्षण, घर, छंद. दुसऱ्यात एक कार्ड मिळतं, तयारीला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटं. तिसऱ्यात त्याच विषयाच्या अंगाने ४-५ मिनिटं थोडी खोल चर्चा.

गुण चार रकान्यांत दिले जातात: बोलण्यातला ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरणातली विविधता व अचूकता आणि उच्चार. चारही रकान्यांचं वजन सारखं. समजा ओघ, शब्द आणि उच्चार या तिन्हींत ७ मिळाले, पण व्याकरणात ५, तर सरासरी येते ६.५. म्हणून ‘माझं स्पीकिंग सुधारायचंय’ असं म्हणण्यात अर्थ नाही. कुठला रकाना मागे पडतोय, हे आधी कळायला हवं.

तुमचं मत बरोबर आहे का, माहिती खरी आहे का, विचार किती थोर आहेत, यासाठी या तक्त्यात रकानाच नाही. तुम्हाला संगीत आवडत नाही असं बिनधास्त सांगा. ‘का आवडत नाही’ हे इंग्रजीत नीट सांगता आलं की झालं.

पहिल्या भागात दोन-तीन वाक्यांचं उत्तर पुरतं. ‘यस, आय डू’ म्हणून गप्प बसणं जितकं वाईट, तितकंच दीड मिनिट भाषण ठोकणंही. प्रश्न ऐकू आला नाही तर सरळ पुन्हा विचारायला सांगा, त्याने गुण कापले जात नाहीत. परीक्षकाने मध्येच थांबवलं तरी घाबरू नका. त्याला घड्याळ पाळायचं असतं, तुमचं उत्तर आवडलं नाही असा त्याचा अर्थ नव्हे.

पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं का? येतं, आणि पटकन. साधं बोलताना अडखळणारा उमेदवार अचानक वेग धरतो, आवाज सपाट होतो, शब्द जड होतात आणि प्रश्नाशी उत्तराचा सांधा जुळत नाही. परीक्षक दिवसभर हेच ऐकत असतो. मग तो असा प्रश्न टाकतो की पाठांतर तिथेच संपतं आणि पुढचं बोलणं आधीपेक्षाही लंगडं वाटू लागतं.

कार्डाच्या एका मिनिटात काय करायचं

दुसऱ्या भागाची धास्ती सगळ्यात जास्त असते, म्हणून तो जरा जवळून बघू. समजा कार्डावर आहे: तुम्हाला कुणीतरी दिलेल्या एका उपयोगी सल्ल्याबद्दल बोला. कोणी दिला, कधी दिला, काय होता आणि त्याचा उपयोग कसा झाला.

बहुतेक जण त्या मिनिटात पूर्ण वाक्यं लिहायला घेतात. दीड वाक्य होतं तोवर मिनिट संपतं. वाक्यं नकोत, फक्त खुंट्या हव्यात. त्याही इंग्रजीतच, कारण बोलता बोलता मनातल्या मनात भाषांतर करायला वेळ नसतो. कागदावर एवढंच पुरे: सीनिअर, फर्स्ट जॉब, अँग्री ईमेल, वेट वन नाइट, डिलीटेड हाफ, स्टिल डू इट, लॉस्ट क्लायंट.

आता या खुंट्यांकडे नीट बघा. पहिल्या नोकरीत एका ग्राहकाचा राग आला होता आणि मी कडक ईमेल लिहून ठेवली होती, हा भूतकाळ, आणि त्याच्याही आधीचा भूतकाळ. सीनिअरने सांगितलं की एक रात्र थांब, हे दुसऱ्याचं म्हणणं आपल्या वाक्यात सांगणं. सकाळी अर्धी ईमेल पुसली, पुन्हा साधा भूतकाळ. आजही मी रागात लिहिलेलं लगेच पाठवत नाही, हा वर्तमानकाळ. तेव्हा पाठवली असती तर ग्राहक गेला असता, ही जर-तरची रचना, म्हणजे ‘इफ आय हॅड सेंट इट, वुई वुड हॅव लॉस्ट द क्लायंट’. तक्त्यात व्याकरणाच्या रकान्यात जी विविधता मागितली आहे, ती कुठलीही ओढाताण न करता गोष्टीतूनच आली. ‘अवघड रचना वापरायची’ म्हणून कुठलीही वाक्यं घुसवण्यापेक्षा अशी गोष्ट निवडा, जिच्यात तेव्हा, आता आणि ‘नाही तर’ हे तिन्ही आहे.

गोष्ट खरी असायलाच हवी असं नाही, पण खरी असली तर तपशील शोधावे लागत नाहीत. बोलणं ५० सेकंदांत संपतं अशी ज्यांची तक्रार असते, त्यांची गोष्ट बहुधा सर्वसाधारण असते: सल्ला चांगला होता, खूप मदत झाली, मी आभारी आहे. त्यात बोलण्यासारखं काही उरतच नाही. ईमेलमध्ये काय लिहिलं होतं, सीनिअर कुठे उभे होते, सकाळी ती वाचताना कुठलं वाक्य खटकलं, हे आठवलं की दोन मिनिटं कमी पडतात.

तिसऱ्या भागात ‘मी’ थोडा मागे ठेवायचा. लोक सल्ला का ऐकत नाहीत, तरुणांनी अनुभवी माणसांचं ऐकावं का, असे प्रश्न इथे येतात. उत्तराचा सांगाडा साधा ठेवा: मत, त्याचं कारण, एक उदाहरण आणि शक्य असेल तिथे ‘पण अमुक परिस्थितीत वेगळं’. विचार करायला वेळ हवा असेल तर तसं म्हणा, ‘आय हॅवन्ट रिअली थॉट अबाउट दॅट, बट...’ हे अगदी नैसर्गिक आहे. कल्पना शोधण्यासाठी थांबणं आणि शब्द सापडत नाही म्हणून थांबणं यांतला फरक परीक्षकाला कळतो, आणि वरच्या बँडला पहिल्या प्रकारचं थांबणं चालून जातं.

उच्चाराबद्दल एकच गैरसमज दूर करतो. ब्रिटिश किंवा अमेरिकन ढब काढण्याची गरज नाही, आणि ती अर्धवट काढली तर समजायला उलट जड जाते. बघितलं जातं ते हे की ऐकणाऱ्याला कष्ट न पडता समजतंय का. आपण मराठी बोलताना बहुतेक अक्षरांना साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजीत मात्र शब्दातल्या एका भागावर जोर येतो आणि बाकीचे भाग दबतात. फोटोग्राफमध्ये जोर सुरुवातीला, फोटोग्राफरमध्ये तो पुढे सरकतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चा गोंधळ सुधारला तर उत्तमच, पण जोर आणि वाक्यातले विराम योग्य जागी आले तर फरक लवकर जाणवतो.

वाक्प्रचारांच्या याद्या सोडून द्या. सगळं बोलणं साधं आणि मध्येच पावसाच्या वर्णनात ‘कॅट्स अँड डॉग्ज’, हे ठिगळासारखं दिसतं. शब्द एकेकटे पाठ करण्याऐवजी जोडीने शिका: ‘हेवी ट्रॅफिक’, ‘मेक अ डिसिजन’, ‘टाइट डेडलाइन’. कुठला शब्द कुणाबरोबर नांदतो, याची जाण ७ आणि त्यावरच्या बँडमध्ये मोजली जाते.

रायटिंग: साठ मिनिटं, दोन कामं

टास्क १ किमान १५० शब्दांचं, टास्क २ म्हणजे निबंध, किमान २५० शब्दांचा. टास्क २ चं वजन टास्क १ च्या दुप्पट. वेळेची विभागणी २० आणि ४० मिनिटं अशी सुचवलेली असते, पण ती तुम्हालाच पाळायची असते, कुणी मध्ये घंटा वाजवत नाही. टास्क १ वर अर्धा तास घालवून निबंध घाईत गुंडाळणारे खूप. शब्द कमी पडले तर गुण जातात. जास्त झाले तर थेट दंड नाही, पण ४०० शब्दांच्या निबंधात चुकाही त्याच प्रमाणात वाढतात आणि तपासायला वेळ उरत नाही. २७० ते २९० शब्दांत काम होतं. प्रश्नातली वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका, ते शब्द मोजणीत धरत नाहीत.

टास्क १ बद्दल थोडक्यात सांगतो. परीक्षेच्या ॲकॅडमिक, म्हणजे मुख्यतः विद्यापीठ प्रवेशासाठीच्या, प्रकारात तक्ता, आलेख, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया असते, जनरल ट्रेनिंग, म्हणजे मुख्यतः नोकरी आणि स्थलांतरासाठीच्या, प्रकारात पत्र. आलेखात सगळ्यात जास्त राहून जाते ती ‘ओव्हरव्ह्यू’, म्हणजे एका नजरेत दिसणारं मुख्य चित्र. समजा कामावर जाण्यासाठी लोक बस, रेल्वे आणि कार कितपत वापरत, याचा तीस वर्षांचा आलेख आहे. अनेक जण पहिल्या वर्षापासून सुरुवात करून आकड्यांची जंत्री देतात. त्याऐवजी एक वाक्य असं हवं: ‘ओव्हरऑल, कार यूज रोज स्टेडिली व्हाइल बस ट्रॅव्हल फेल, अँड बाय द एंड ऑफ द पीरियड द टू हॅड स्वॉप्ड प्लेसेस.’ यात एकही आकडा नाही, तरी आलेख न बघता चित्र कळतं. आकडे पुढच्या परिच्छेदांत, तेही निवडक. आणि कार का वाढल्या याचा अंदाज बांधू नका, तो आलेखात नाही. पत्राच्या बाबतीत प्रश्नातले तिन्ही मुद्दे आलेच पाहिजेत, आणि सूर शेवटपर्यंत एकच राहिला पाहिजे. व्यवस्थापकाकडे तक्रार करताना मित्राला लिहिल्यासारखी सुरुवात नको.

निबंधात घोडं कुठे अडतं

निबंधाचेही रकाने चार: प्रश्नाला दिलेला प्रतिसाद, मांडणी आणि सुसंगती, शब्द, व्याकरण. लोक शेवटच्या दोनांवर मेहनत घेतात आणि गुण पहिल्या दोनांत गमावतात.

पहिली चूक म्हणजे प्रश्न अर्धाच वाचणं. ‘दोन्ही बाजूंची चर्चा करा आणि स्वतःचं मत द्या’ या प्रश्नात तीन कामं आहेत, दोन नव्हेत. ‘फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत का’ असं विचारलं असेल तर फायदे-तोट्यांची यादी देऊन भागत नाही, तराजू कुठे झुकतो हे सांगावं लागतं. आणि जे मत सुरुवातीला दिलं, तेच शेवटी टिकलं पाहिजे. सुरुवातीला ‘पूर्ण सहमत’ आणि अखेरीस ‘दोन्ही बाजू महत्त्वाच्या’ असं झालं की ७ चा बँड हातातून निसटतो.

दुसरी चूक जास्त खोल आहे. ती मराठीतच दाखवतो, कारण तिचा संबंध भाषेपेक्षा विचाराशी आहे. प्रश्न असा: शाळेत मोबाइलवर बंदी असावी का? एका उमेदवाराचा परिच्छेद असा:

‘मोबाइलमुळे मुलांचं अभ्यासातलं लक्ष उडतं. शिवाय डोळ्यांवर परिणाम होतो. तसेच ऑनलाइन छळाचे प्रकार वाढतात. याव्यतिरिक्त मैदानी खेळ कमी होतात. म्हणून बंदी असावी.’

चार मुद्दे, चारही खरे, आणि एकही सिद्ध केलेला नाही. ‘शिवाय, तसेच, याव्यतिरिक्त’ हे जोडशब्द काढून टाकले तरी काही बिघडत नाही, कारण वाक्यं मुळात एकमेकांशी जोडलेलीच नाहीत. आता यातला पहिलाच मुद्दा घेऊ:

‘मोबाइल वापरला नाही तरी तो बाकावर असणं पुरेसं असतं. स्क्रीन उजळली की नजर तिकडे जाते आणि तेवढ्यात गणितातली एक पायरी सुटते. पुढची पायरी त्या सुटलेल्या पायरीवर उभी असल्याने मुलाला उरलेला तासही कळत नाही आणि शिक्षकांना तेच परत शिकवावं लागतं. म्हणजे एका मुलाच्या फोनचा भुर्दंड साऱ्या वर्गाला पडतो.’

इथे जोडशब्द जवळजवळ नाहीत, तरी प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचं बोट धरून येतं. तक्त्यात सुसंगती म्हणतात ती हीच. ‘मोरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘इन अ नटशेल’ यांची संख्या वाढवून ती येत नाही. उलट जोडशब्दांचा अतिवापर हा ५ च्या बँडचं लक्षण म्हणून तक्त्यात स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणून लिहायला घेण्याआधी पाच मिनिटं द्या, दोन मुद्दे निवडा आणि प्रत्येक मुद्द्याबद्दल स्वतःलाच विचारा: कसं काय? मग काय होतं? या दोन प्रश्नांची उत्तरं म्हणजेच परिच्छेद.

सांगाडा तयार ठेवायला हरकत नाही: प्रस्तावना दोन-तीन वाक्यांची, दोन भरीव परिच्छेद, छोटा समारोप. पण तयार वाक्यांचे साचे नकोत. ‘धिस इज अ हायली डिबेटेड इश्यू इन द मॉडर्न वर्ल्ड’ हे वाक्य कुठल्याही विषयाला चालतं, आणि जे कशालाही चालतं त्याचे गुण मिळत नाहीत.

आठवड्याचा सराव कसा असावा

स्पीकिंगसाठी: फोनवर दोन मिनिटांचं उत्तर रेकॉर्ड करा. ते ऐकून शब्दन्‌शब्द लिहून काढा, ‘अँ’ आणि ‘ॲक्च्युअली’सकट. कंटाळवाणं काम आहे, पण कागदावर आलं की दिसतं: एकच शब्द सहा वेळा आलाय, भूतकाळातून मध्येच वर्तमानात उडी मारलीय, तीन वाक्यं अर्धवट सोडलीत. दुरुस्ती करा, कागद बाजूला ठेवा आणि तेच उत्तर न बघता पुन्हा रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. पाठ करण्याचा मोह होईल, म्हणून प्रत्येक वेळी गोष्टीचा एखादा वेगळा तपशील घ्या.

रायटिंगसाठी: चाळीस मिनिटांत निबंध लिहा आणि त्या दिवशी त्याला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी तक्ता शेजारी ठेवून वाचा, सगळ्यात कच्चा परिच्छेद निवडा आणि तेवढाच नव्याने लिहा.

चुकांची एक वही ठेवा. प्रत्येकाच्या चुका फिरून फिरून पाच-सहा प्रकारच्याच असतात. मराठीत ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांसारखं काही नसल्यामुळे ते आपल्याकडून हमखास गळतात. अनेकवचनाचा ‘एस’ राहतो, ‘डिस्कस’नंतर उगाच ‘अबाउट’ येतं, लांब वाक्यात कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी होतं. परीक्षेत शेवटची तीन मिनिटं ‘एकदा वाचून बघतो’ म्हणून घालवू नका, वहीतल्या नेमक्या याच चुका शोधा.

तपासून घ्यायला शिक्षक मिळाला तर सोनंच. एआय साधन वापरत असाल तर ‘हे सुधारून दे’ म्हणू नका, ते तुमचा निबंध पुसून स्वतःचा देतं. ‘चुका कुठे आहेत तेवढं दाखव, दुरुस्त मी करतो’ असं सांगा. त्याने सांगितलेल्या बँडवर विसंबू नका.

संगणकावर परीक्षा देणार असाल तर सरावही टायपिंगवरच करा. स्क्रीनवर शब्दसंख्या दिसते ही सोय, पण स्पेलिंग सुधारणारं काही नसतं, म्हणून सराव करताना ऑटो-करेक्ट बंद ठेवा. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंग चालतात, मात्र एकाच निबंधात दोन्हींची मिसळ नको.

पीटीई किंवा टोफेल या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षा देणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू पडतं, पण तिथे समोर माणूस नसतो, मायक्रोफोनमध्ये बोलावं लागतं. पीटीईत तीन सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहिलात तर रेकॉर्डिंग बंद होतं, त्यामुळे आयल्ट्समध्ये खपणारा विचाराचा विराम तिथे महागात पडतो. प्रश्नप्रकारही वेगळे आहेत आणि ते मधूनमधून बदलतात, म्हणून जुन्या पुस्तकापेक्षा त्या त्या परीक्षेचा अधिकृत ताजा नमुना आधी बघा.

निकाल दोन वर्षं ग्राह्य धरला जातो. संगणकावर आयल्ट्स दिली असेल आणि एकाच विभागात कमी पडलं असेल, तर अनेक केंद्रांवर ‘वन स्किल रीटेक’ची सोय आहे. मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत तेवढाच विभाग पुन्हा देता येतो. मात्र असा निकाल प्रत्येक विद्यापीठ किंवा व्हिसा कार्यालय मान्य करतंच असं नाही, म्हणून पैसे भरण्याआधी जिथे अर्ज करायचा आहे तिथे विचारून घ्या.